‘पुट ऑफ’ची कार्डं: दुसरी फेरी

इंग्रजी शब्दप्रयोग लक्षात ठेवायच्या कार्डांच्या पहिल्या फेरीत ‘पुट ऑफ’चं एकच कार्ड होतं: पुढे ढकलणे. ते आता फोडून चार केलीत. वाटणी कर्मावरून: काय ‘पुट ऑफ’ होतंय, काम की माणूस?

कर्म काम असेल तर जुनाच अर्थ. ‘दे पुट ऑफ द मीटिंग’ किंवा ‘दे पुट द मीटिंग ऑफ’, दोन्ही चालतं. सर्वनाम मात्र मधेच बसतं: ‘पुट इट ऑफ’. जोर ‘ऑफ’वर येतो, ‘इट’ला तो पेलत नाही, मोठ्याने म्हणून पाहिलं की नियम घोकावा लागत नाही. पुढे क्रियापद आलं तर आयएनजी: ‘शी पुट ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट’. इथे ‘पुट ऑफ टू गो’ ही चूक हटकून होते. गंमत म्हणजे मराठी योग्यच वाट दाखवते, ‘जाणं लांबणीवर टाकलं’. घोळ घालतं ते ‘जाणे म्हणजे टू गो’ हे शाळेतलं समीकरण. भूतकाळातही रूप ‘पुट’च, त्यामुळे ‘शी पुट’ला एस नाही एवढीच काळाची खूण. आणि रद्द करायचं असेल तर ‘कॉल ऑफ’. ही जोडी एकाच कार्डावर नको, हमखास अदलाबदल होते.

कर्म माणूस असेल तर खरी कसरत. ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’: वासाने जेवणावरची इच्छाच उडाली. मराठीत उडते ती इच्छा, वास नुसता कारण. इंग्रजीत वासच कर्ता. म्हणून उलट भाषांतर करताना ‘-ने’ किंवा ‘-मुळे’ लागलेला शब्द आधी उचलून कर्त्याच्या जागी ठेवायचा. ‘ऑफ-पुटिंग’ हे विशेषण मुख्यतः याच अर्थातून येतं; पुढे ढकलण्याशी त्याचा संबंध नाही.

लक्ष विचलित करणे हा अर्थ जास्त करून ब्रिटिश: ‘डोन्ट स्टेअर, यू आर पुटिंग मी ऑफ’. चौथा अर्थ टोलवाटोलवीचा: माणसाला सबबी सांगून टाळत राहणे.

अडलंय ते ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ’पाशी. तो टोलवतोय, नकोसा वाटतोय की एकाग्रता मोडतोय? एकट्या वाक्यावरून तिन्ही लागू पडतात. ते कार्ड काढून टाकलं; आधीचं एक वाक्य जोडूनच परत घ्यायचं.