आमची वाटचाल : तिथी बघून ठरणाऱ्या किनारा-सहली

आमची कचेरी दापोलीत आहे. एक सतरा आसनी गाडी, एक सात आसनी, कामाला चार माणसे आणि हर्णै, अलिबाग, मालवण इथले ठरलेले होडीवाले, एवढाच पसारा. काम एकच: अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे किनारे आणि त्यांना लागून असलेले किल्ले, देवळे, जुनी बंदरे लोकांना नीट दाखवणे. सुरुवातीची आमची पत्रके इतरांसारखीच होती. दोन दिवसांत सात ठिकाणे, दर शनिवारी प्रस्थान, सकाळी आठला चहा-नाश्ता. आता दोन दिवसांत तीन ठिकाणे असतात आणि प्रस्थान दर शनिवारी नसते. या बदलामागे जे आहे तेच इथे लिहितो, कारण आमच्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो: "याच शनिवारी का नाही?"

उत्तर पंचांगात आहे. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ येते, हा हिशेब कोकणात घरोघरी माहीत असतो. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे ३ आणि दुपारी ३ ला भरती. त्यात सहा तास मिळवले की सकाळी ९ ला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती ६ ला, सुकती दुपारी १२ ला. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब सारखाच. पण तो ढोबळ आहे. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा येते, अलिबागला प्रत्यक्षात भरती बाराच्या आगेमागे लागते. जसजसे दक्षिणेला जावे तसतशी भरती लवकर येते. म्हणून तारीख ठरवायला तिथी आणि वेळ ठरवायला भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे कोष्टक, अशी आमची विभागणी आहे. कोष्टकात वेळेइतकीच पाण्याची उंचीही बघायची. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एकीला पाणी पार आटते, दुसरीला अर्धवटच मागे सरते.

याचा खरा कस अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर लागतो, कारण तिथे सुकतीला चालत जाता येते. पुष्कळांचा समज असा की ओहोटी असली म्हणजे झाले. अष्टमीच्या दुपारी १२ ला ओहोटी असतेच, वेळही सोयीची वाटते, पण ती भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराच्या दिवसांतली ओहोटी. पाणी पुरते हटत नाही, मधल्या पट्ट्यात गुडघ्याच्या वर राहते. उलट पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाणी खूप लांब जाते, पण ते सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. सकाळी तिकीटघर उघडलेले नसते आणि संध्याकाळी परतायला अंधार होतो. उरतात त्या तिथी म्हणजे तृतीया ते पंचमी सकाळच्या वेळी आणि द्वादशी-त्रयोदशी दुपारनंतर. महिन्यातले जेमतेम दोन शनिवार-रविवार यात बसतात. आमच्या पत्रकात कुलाब्याच्या तारखा इतक्या कमी का, याचे कारण हेच.

परतीची वेळ ठरवताना बाराव्या हिश्श्याचा नियम धरायचा. सुकतीनंतर पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याइतकेच वाढते, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. अलिबागला चार मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात वीतभर-दीडवीत, म्हणजे साधारण ३३ सेंटिमीटर, दुसऱ्यात ६६, तिसऱ्यात तब्बल एक मीटर. फसवतो तो पहिला तास. पाणी अजून लांबच आहे असे वाटून लोक तटावर फोटो काढत बसतात आणि दुसऱ्या तासात वाट जाते. शिवाय ही वाट सपाट नाही. किल्ल्याजवळचा भाग कोरडा असला तरी मधला खळगा आधी भरतो. आम्ही सुकतीच्या दीड तास आधी वाळूवर उतरतो, सव्वा ते दीड तास किल्ला बघतो आणि सुकतीनंतर अर्ध्या तासाच्या आत शेवटचा माणूस दरवाजाबाहेर काढतो. कोणी मागे राहिले तर भरतीला होडी मिळते, पण तिच्या भरवशावर बेत आखू नये.

पायात पट्ट्याची सँडल हवी. चप्पल चिखलात रुतून निघते आणि अनवाणी चालाल तर कालवांनी पाय कापतो. खडकाला चिकटलेली ही कालवे पात्यासारखी धारदार असतात, जखम लहान दिसते पण आत वाळू जाऊन पिकते. गोड्या पाण्याने भरपूर धुऊन, वाळू पूर्ण काढून मगच पट्टी बांधायची.

आणि सुकतीलाच जाण्याचे आणखी एक मोल आहे. तटाचा पाया तेव्हाच दिसतो. भरतीला होडीने आलेल्या माणसाला बुरूज दिसतात, पाया दिसत नाही. अजस्र दगड एकावर एक नुसते रचलेले आहेत, सांध्यात चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरते, तिचा जोर विभागला जातो आणि ते परत बाहेर येते. शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला, संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला, पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झाला; तट अजून उभा आहे. आम्ही लोकांना तिथे फटीजवळ कान नेऊन उभे करतो. लाट आत शिरताना आणि निथळताना वेगवेगळे आवाज येतात. आत गेल्यावर १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेले सिद्धिविनायकाचे देऊळ, गोड्या पाण्याचे तळे आणि उत्तरेच्या तटावरच्या चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा. तोफांवर यॉर्कशरच्या लो मूर कारखान्याचे नाव आणि १८४९ साल ओतलेले आहे, म्हणजे त्या आंग्र्यांच्या काळातल्या नाहीत. बरेच वाटाडे त्या कान्होजींच्या म्हणून सांगतात. आमच्या माणसांना आम्ही अक्षरांवर बोट ठेवून वाचून दाखवायला शिकवले आहे.

हर्णैच्या सुवर्णदुर्गाची गोष्ट वेगळी. तिथे चालत जाता येत नाही. होडीने जायचे आणि छोट्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या पट्ट्यावर, पाण्यात उडी टाकून उतरायचे. पूर्ण भरतीला पुळण बुडते, पूर्ण ओहोटीला खडक वर येतात आणि होडी लावता येत नाही. म्हणून आम्ही अर्ध्या भरतीला, चढत्या पाण्यावर जातो. त्यामागचे कारण होडीवाल्यांकडून शिकलो: चढत्या पाण्यावर होडी वाळूत टेकली तर दहा मिनिटांत आपोआप सुटते, उतरत्या पाण्यावर टेकली तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच. होडीत चढण्याआधी बंदरावरच लाइफ जॅकेट घालून, पट्टे ओढून, दोन्ही खांद्यांना धरून वर उचलून बघायचे. जॅकेट कानापर्यंत सरकले तर ते मोठे आहे, पाण्यात माणूस खाली आणि जॅकेट वर अशी गत होते. मुलांची जॅकेटे सगळीकडे मिळत नाहीत. तीन मापांची आम्ही आमचीच नेतो. एका होडीत बाराच माणसे, होडीवाला वीस म्हणाला तरी.

किल्ल्यावर पिण्याचे पाणी नाही, रान माजलेले असते आणि सावली थोडी. माणशी दोन लिटर पाणी बरोबर असल्याशिवाय आम्ही होडी सोडत नाही. दरवाजाच्या पायरीवर कोरलेले कासव आहे, शेजारी भिंतीत मारुती. घाईने आत शिरणारे लोक कासवावर पाय देऊन जातात, त्यांना ते दिसतच नाही. तटाचा काही भाग बांधलेला नसून मूळ खडकच तासून तट केलेला आहे; सांधा शोधत गेले की खडक कुठे संपतो आणि चिरा कुठे सुरू होतो ते हाताला कळते. परत आल्यावर किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावर चढून तोच किल्ला वरून बघायचा, आणि मग बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव. लिलावात मध्ये उभे राहू नये, टोपल्या घेऊन धावणाऱ्या बायकांच्या वाटेत येऊ नये, एवढे लोकांना आधीच सांगतो.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरी आहेत. तेव्हापासून चौकशी वाढली, पण आमची माणसांची मर्यादा तीच ठेवली आहे. पुळण तेवढीच आहे.

खाड्या ओलांडायला जंगलजेट्या, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी झाल्या आणि आमच्या मार्गाचा नकाशाच बदलला. दिघी-आगरदांडा, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. पूर्वी दापोलीहून गुहागरला जायचे तर चिपळूणचा वळसा. आता दाभोळला गाडी फेरीबोटीत चढवली की पलीकडे धोपावे. इथेही सुकती नडते. पाणी खाली गेले की बोटीत चढायचा उतार खडा होतो आणि लांब गाडीचा मागचा भाग जमिनीला घासतो. सतरा आसनी गाडी आम्ही रिकामी करून, तिरकी घेऊन चढवतो. फेरी चुकली तरी दाभोळात वेळ वाया जात नाही. जेटीजवळच विजापूरच्या आदिलशाही काळातली काळ्या दगडाची मशीद आहे आणि गावात चंडिकादेवीचे गुहेतले देऊळ, जिथे समईच्या उजेडातच दर्शन होते. डोळे अंधाराला सरावायला दोन मिनिटे द्यावी लागतात. दारातून डोकावून परतणाऱ्यांना काहीच दिसत नाही.

मालवणला भरती-सुकतीचा फरक कमी, तिथे वाऱ्याचा हिशेब मोठा. पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो, समुद्र निवांत. दुपारी बारानंतर समुद्राकडून वारा उठतो आणि एप्रिल-मे मध्ये तर होडी चांगलीच उसळते. म्हणून सिंधुदुर्ग पहिल्या होड्यांनी. महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचा मुहूर्त केला. ती पूजा जिथे झाली असे मानतात तो मोरयाचा धोंडा मालवणच्याच किनाऱ्यावर आहे. त्यावर गणपती, चंद्र-सूर्य कोरलेले दिसतात. आधी धोंडा, मग किल्ला, असाच क्रम ठेवतो. किल्ल्याचा दरवाजा दोन बुरुजांच्या कवेत असा लपवला आहे की होडी अगदी जवळ येईपर्यंत तो दिसत नाही. होडीवाल्याला सांगून आम्ही थोडे आधी इंजिन मंद करवतो आणि लोकांना दरवाजा शोधायला लावतो. आत शिवराजेश्वराचे देऊळ, महाराजांच्या हाता-पायाचे ठसे, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी. होडीवाले साधारण तासाभराची मुदत देतात. ती तट फिरायला पुरत नाही, म्हणून आम्ही जादा वेळाचे पैसे आधीच ठरवून देतो. पाण्याखाली प्रवाळ बघायचे असेल तर नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. पुढे पाणी ढवळलेले असते आणि पैसे देऊन धुकेच दिसते.

वेळास गावाची मागणी फेब्रुवारी ते एप्रिल, कासवांच्या पिल्लांसाठी. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी घरट्यातून हलवून कुंपणात जपली जातात, साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले निघतात आणि सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडली जातात. पिल्ले दिसतीलच अशी हमी आम्ही देत नाही आणि कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. कोणत्या दिवशी घरटे फुटेल ते वाळूच्या उबेवर असते. मोबाइलचा दिवा बंद, फ्लॅश बंद. पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात, दिवा मागे असला तर समुद्राकडे पाठ फिरवतात. पिल्ले नाही दिसली तरी नाना फडणवीसांचे गाव आहे आणि जवळ बाणकोटचा किल्ला, जिथून सावित्रीचे मुख पूर्ण दिसते.

पोहण्याबाबत आम्ही कडक आहोत. गणपतीपुळे, गुहागर इथे पाण्याला ओढ आहे. लाटा दोन्ही बाजूंना फुटत असतात आणि मधला पट्टा शांत दिसतो, लोक नेमके तिथे उतरतात. तिथेच पाणी मागे खेचत असते. अडकले तर किनाऱ्याकडे हातपाय मारू नयेत, किनाऱ्याला समांतर जाऊन लाटांच्या पट्ट्यातून परत यावे. खाडीच्या मुखाशी, म्हणजे आंजर्ले किंवा देवबागला, ओहोटीत कोणालाही पाण्यात सोडत नाही. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चालावे, वाळूत दबलेले पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, बाजूला होते. त्याचा काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. आणि गाडी पुळणीवर नाही. ओली वाळू घट्ट असते, पण रस्ता आणि ओल्या वाळूमधला कोरडा पट्टा चाके गिळतो, मागून भरती येते.

मे अखेरीस होड्या बंद होतात. मग आम्ही पन्हाळेकाजीच्या २९ लेण्यांकडे आणि जमिनीवरून जाता येणाऱ्या अंजनवेल, जयगड या किल्ल्यांकडे वळतो. नारळी पौर्णिमा झाली की होडीवाल्यांबरोबर बसून पुढच्या वर्षीचे कोष्टक आणि पंचांग शेजारी ठेवतो. ज्या शनिवारी दोन्ही जुळते त्यावर हिरवी खूण, त्याच तारखा पत्रकात जातात. खाणावळींना त्या तारखा तेव्हाच कळवतो, म्हणजे त्यांनाही कोकमे, तांदूळ आणि माणसे यांची जुळणी करता येते.