फॉरेन्सिक शिकायचंय, पण पैसा कुठून आणायचा?

मी राहते त्या लिंकनपासून दक्षिणेला ६५ किलोमीटरवर बिॲट्रिस नावाचं छोटं गाव आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या इतर गावांसारखंच, चहूकडे मक्याची आणि सोयाबीनची शेतं. १९८५ च्या फेब्रुवारीत तिथे एका ६८ वर्षांच्या बाईंचा त्यांच्या राहत्या घरात खून झाला. चार वर्षांनी पोलिसांनी सहा जणांना पकडलं आणि सहाही जणांना शिक्षा झाली. त्यातल्या पाच जणांनी तर खटला लढवलाच नाही. २००८ मध्ये डीएनए तपासणी झाली तेव्हा कळलं की या सहांपैकी एकाचाही त्या खुनाशी संबंध नव्हता. खरा गुन्हेगार केव्हाच मरून गेला होता.

मार नाही, कोठडीतला छळ नाही, तरी माणसं न केलेला गुन्हा कबूल का करतात? काहींना फाशीची भीती घातली होती. आणि काहींना आपण त्या घरात होतो असं खरोखरच वाटू लागलं होतं. पोलिसांबरोबर काम करणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञाने त्यांना सांगितलं होतं, की तुमची आठवण दबली आहे, ती स्वप्नात परत येईल. मग ती ‘आली’. २०१६ मध्ये फेडरल कोर्टातल्या ज्युरीने या सगळ्याची भरपाई ठरवली २ कोटी ८० लाख डॉलरच्या वर, आणि ती भरण्यासाठी काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याला, लोकांचा घरपट्टी-शेतपट्टीसारखा कर वाढवावा लागला.

मानसशास्त्र आणि कायदा या विषयातल्या संशोधनाला इथे पैसा का मिळतो, हे मला या प्रकरणावरून नीट कळलं. चुकीच्या कबुलीची किंमत अख्खा जिल्हा मोजतो. आमच्या नेब्रास्का विद्यापीठात १९७४ पासून हे दोन्ही विषय एकत्र शिकवले जातात. पण पैसा आहे म्हणजे तो आपल्या मुलांना आपोआप मिळतो असं नाही, आणि तिथेच गोव्यातली कितीतरी घरं अडकताना मी बघते.

चवथीला घरी डिचोलीला आले होते तेव्हा आईच्या ओळखीच्या एक काकी भेटायला आल्या. मुलीला फॉरेन्सिक सायकॉलॉजीत, म्हणजे कायदा-कोर्टाशी जोडलेल्या मानसशास्त्रात, परदेशी मास्टर्स करायचंय. एजंटने कॉलेज शोधून दिलंय, फीचा आकडाही दिलाय. काकी मला म्हणाल्या, “बाय, काजूची बागायत बँकेत ठेवली तर चालेल ना? नोकरी लागल्यावर फेडेल ती.” मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं, आणि इथेही तेच लिहिते: नका ठेवू. या विषयातल्या मास्टर्ससाठी तर नकोच.

अमेरिकेत मास्टर्सला सहसा स्वतःच्या खिशातून पैसे भरावे लागतात. पीएचडीला मात्र चांगल्या विभागात फी माफ असते आणि वर महिन्याला स्टायपेंड मिळतो. त्या बदल्यात तुम्ही पदवीच्या वर्गांना शिकवायला मदत करता, पेपर तपासता किंवा प्राध्यापकांच्या प्रकल्पावर काम करता. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच असं काम करता येतं. आणि अमेरिकेत पीएचडीला मास्टर्स झालेलंच असायला हवं असं नसतं. पदवीनंतर थेट अर्ज करता येतो, फक्त संशोधनाचा थोडा हात बसलेला असावा लागतो. आपल्याकडे एजंट ही गोष्ट सांगत नाहीत, कारण पीएचडीच्या प्रवेशावर त्यांना काही सुटत नाही. सायडी म्हणजे ‘डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी’ ही पदवीही डॉक्टरेटच असते, पण तिथे बहुतेकदा फी तुम्हीच भरायची. नाव बघून फसू नका.

स्टायपेंडसकट प्रवेश आला तर घाईने होकार देऊ नका. इथल्या बहुतेक विद्यापीठांनी एक करार मान्य केलेला आहे. आर्थिक मदतीसह दिलेल्या प्रवेशाला उत्तर देण्यासाठी १५ एप्रिलपर्यंत मुदत असते आणि त्याआधी तुमच्यावर दबाव आणायचा नसतो. दोन ठिकाणचं पत्र हातात असेल तर शांतपणे तुलना करा. आरोग्य विमा कोण भरतं आणि उन्हाळ्याचे तीन महिने पैसे मिळतात का, हे दोन प्रश्न जरूर विचारा.

आता नागरिकत्व. गोव्यात हा मुद्दा इतर कुठल्याही राज्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे, कारण आपल्याकडे घरोघरी पोर्तुगीज पासपोर्टची चर्चा असते. अमेरिकेत त्या पासपोर्टचा शिष्यवृत्तीसाठी काही उपयोग नाही. नॅशनल सायन्स फाउंडेशनची पदव्युत्तर संशोधनाची मोठी फेलोशिप फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना मिळते. भारतीय काय, पोर्तुगीज काय, दोघेही बाहेर. नेदरलँड्समध्ये मात्र फरक फार मोठा पडतो. मास्ट्रिख्ट विद्यापीठात फॉरेन्सिक सायकॉलॉजीचं दोन वर्षांचं मास्टर्स आहे. युरोपीय संघाच्या नागरिकाला तिथे सरकारने ठरवलेली फी लागते, वर्षाला साधारण २,६०० युरो. भारतीय पासपोर्टवर तीच फी कित्येक पट होते. इंग्लंडमध्ये हा फायदा ब्रेक्झिटनंतर गेला. २०२१ पासून नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्यालाही परदेशी विद्यार्थ्याचीच फी भरावी लागते. इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये वाढलेल्या, सेटल्ड स्टेटस म्हणजे तिथे कायम राहण्याचा हक्क असलेल्या आपल्या मुलांची गोष्ट वेगळी. तिथली सरकारी पीएचडी फंडिंग २०२१ पासून परदेशी मुलांनाही खुली झाली, पण एका तुकडीत अशा मुलांचं प्रमाण ३० टक्क्यांच्या वर जात नाही.

पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, आणि त्याबरोबर अमेरिकेत शिकण्यासाठीची फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्ती आणि १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एन्डोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती हेही हातचे जातात. म्हणून पासपोर्टचा निर्णय घेण्याआधी मुलगा किंवा मुलगी कुठल्या देशात, काय शिकणार हे घरात बोलून घ्या. आधी पासपोर्ट आणि मग शिक्षण, या क्रमाने गेलेली माणसं मला भेटली आहेत आणि त्यांच्यासाठी मला फार वाईट वाटतं.

गावडा, कुणबी, वेळीप समाजातल्या मुलांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. २००३ मध्ये आपल्याला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची परदेशी शिक्षणासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, वर्षाला देशभरात २० जागा, मास्टर्स आणि पीएचडी दोन्हींसाठी. जागा कमी आहेत हे खरं, पण अर्ज करणारेही आपल्याकडून फारसे नसतात. सत्तरीत, सांग्यात, काणकोणात कुणी शिकवत असाल तर वर्गात हे सांगाच.

पण मला खरं बोलायचंय ते छोट्या रकमांबद्दल. या विषयातली मुख्य संस्था म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजी-लॉ सोसायटी. ती विद्यार्थी सदस्यांना प्रयोगासाठी लहान अनुदान देते, पूर्ण झालेल्या प्रबंधांना पहिलं, दुसरं, तिसरं पारितोषिक देते, आणि मार्चच्या सुमाराला होणाऱ्या परिषदेत विद्यार्थ्यांच्या सादरीकरणाचाही गौरव करते. सामाजिक प्रश्नांवर काम करणारी एसपीएसएसआय ही १९३६ ची संस्था प्रबंधासाठी अशीच मदत करते. या पैशात कुणाचं पोट भरत नाही. तरीही माझं ठाम मत आहे की आपल्या मुलांनी पहिल्या वर्षापासून यांच्यावर डोळा ठेवावा. इथे पासपोर्ट विचारत नाहीत, सदस्यत्व आणि प्रश्नाचा दर्जा बघतात. आणि एकदा असं अनुदान मिळालं की पुढच्या प्रत्येक अर्जात ती ओळ बोलते.

अर्ज कसा असतो ते एका उदाहरणावरून सांगते. काकींच्या मुलीला विचारलं, तुला नेमकं काय शोधायचंय? ती म्हणाली, “ताई, साक्षीदारांची स्मरणशक्ती.” मी म्हटलं, एवढ्यावर कुणी पैसे देणार नाही. मग अंगणात बसून आम्ही बोलत गेलो. ती एका वकिलांकडे बसते. तिने पाहिलंय की साक्षीदार बोलतो कोकणीतून आणि कागदावर जबाब उतरतो इंग्रजीतून. पुढे उलटतपासणीत त्याच कागदातलं वाक्य त्याच्यासमोर धरलं जातं आणि तो म्हणतो, मी असं बोललोच नव्हतो. त्याला खोटं पाडलं जातं. इथे तिचा प्रश्न मिळाला: लोकांना छोटा व्हिडिओ दाखवायचा, निम्म्यांचा जबाब त्यांच्याच भाषेत लिहायचा, निम्म्यांचा दुसऱ्या भाषेत उतरवायचा, आणि आठवड्याने तपासायचं की कागद वाचून दाखवल्यावर त्यांच्या आठवणीत काय बदलतं. शब्द बदलला की आठवण बदलते हे लॉफ्टस आणि पामर यांनी १९७४ मध्येच दाखवलं होतं. गाड्या ‘धडकल्या’ ऐवजी ‘आदळून चक्काचूर झाल्या’ असं विचारलं की लोक वेग जास्त सांगत, आणि नसलेल्या काचा दिसल्याचंही सांगत. पण फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या कोर्टात रोज घडणारी ही गोष्ट बाहेरच्या कुणाला सुचणार नाही.

परीक्षक अशा अर्जात दोन गोष्टी बघतात. प्रयोग मानसशास्त्र म्हणून पक्का आहे का, आणि निष्कर्ष निघाला तर पोलीस, वकील किंवा न्यायाधीश उद्या काय वेगळं करतील. दुसऱ्या प्रश्नावर आपली मुलं दोन ओळी लिहून थांबतात. तिथे अर्धं पान हवं. तिच्याकडे तर लिहायला बरंच आहे. गोव्याचा बालकायदा २००३ चा, पणजीचं बालन्यायालय, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेली असुरक्षित साक्षीदारांसाठीची वेगळी केंद्रं. तिथे लहान मूल घरच्या भाषेत बोलतं, तेव्हा लिहून कोण घेतं, कसं?

बजेटही तसंच. ‘संशोधन खर्च’ असं मोघम लिहिलं की अर्ज बाजूला पडतो. सहभागी किती, प्रत्येकाला मानधन किती, कोकणी रेकॉर्डिंग टाइप करून देणाऱ्याचे तासाचे दर, नैतिक मान्यता कुठल्या समितीची, हे सगळं मांडायचं. लॅपटॉप त्यात घालायचा नाही. प्रवासाचे पैसे बहुतेक ठिकाणी आधी आपण खर्च करायचे आणि पावत्या दिल्यावर परत मिळतात, त्यामुळे बिलं जपून ठेवायची सवय आतापासून लावा.

आणि परदेशच हवा असंही नाही. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, आणि ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात बसून हे काम होऊ शकतं. भारतात पीएचडीला नाव नोंदवलेल्यांसाठी फुलब्राइट-नेहरूची सहा ते नऊ महिन्यांची संशोधन फेलोशिप आहे. तेवढ्या काळात इथली, अमेरिकेतली प्रयोगशाळा वापरून, इथल्या लोकांशी बोलून परत जाता येतं. परदेशी शिकायचंच ठरलं आणि थोडी रक्कम कमी पडली, तर गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना आधी बघा, बँक नंतर.

काकींच्या मुलीने एजंटला नकार कळवलाय. सध्या ती डिसेंबरच्या नेटचा अभ्यास करतेय आणि संध्याकाळी वकिलांच्या ऑफिसात बसून, नावं वगळून, जबाब कसे उतरवले जातात याच्या नोंदी ठेवतेय. तुमच्यापैकी कुणाकडे असा प्रश्न असेल तर एका पानात लिहून मला पाठवा. कोर्टातली किंवा पोलीस ठाण्यातली नेमकी कुठली पायरी त्याने बदलेल तेवढं त्यात असू द्या, बजेट आपण मग बसून करू.