रिटर्नच्या फॉर्मात ‘क्ले वाळून आली’ हे कुठे लिहायचं?

परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या कुणाला एअर ड्राय क्ले ऑनलाइन मागवायची असेल तर होळीच्या आत मागवा, नाहीतर सरळ मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबा. मधले महिने नकोत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, दुपारच्या हवेत ओल नावालाही नसते. या क्लेतलं पाणी हवेत उडालं की ती कडक होते. भट्टी नको, ओव्हन नको, म्हणून तर आपण ती घेतो. पण हेच कुरिअरच्या गोदामात घडलं तर पैसे देऊन मागवलेल्या क्लेचे दगड घरी येतात.

मला ती महालक्ष्म्यांसाठी हवी होती. भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की त्यांच्यापुढे मी इवलासा फराळ, फळांच्या टोपल्या, जातं, चूल, उखळ असं मांडते. कॉलनीतल्या बायकाही आता करून मागतात. उन्हाळ्यात हात घातला तरच रंगकाम वेळेत उरकतं. गावातल्या दुकानांत शाळेच्या प्रोजेक्टपुरती पाकिटं मिळतात. मला पांढरी पेपर क्ले, म्हणजे कागदाचा लगदा मिसळलेली, किलोंनी लागते, म्हणून ऑनलाइन.

पार्सल परभणीत पोचल्याचा मेसेज आला आणि तिथेच सगळं थांबलं. सकाळी ‘आउट फॉर डिलिव्हरी’, रात्री ‘ग्राहक उपलब्ध नाही’. मी घरातच होते. दार उघडं, फोन हातात. कुणी आलं नाही, कुणाचा मिस्ड कॉलही नाही. दुसऱ्या दिवशी तेच, पुढे पुन्हा तेच. फोन लावला की पोरगा म्हणायचा, “ताई, साहेब म्हणले तुमच्या भागातली गाडी उद्या.” त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या हातात काय होतं? पण घरी असलेल्या माणसाला रोज ‘उपलब्ध नाही’ ठरवणाऱ्या त्या नोंदीवर माझा राग आजही आहे. शेवटी मीच गोदामात गेले. वर पत्रा, आत खोक्यांची रास, आणि माझं खोकं खिडकीखाली, थेट उन्हात.

इथे एक सांगून ठेवते. खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, आणि क्लेचं पाकीट फोडायच्या आधी अंगठ्याने दाबून बघा. खड्डा पडला तर क्ले चांगली. कडा टणक आणि मधे किंचित मऊ असेल तर ती वाचवता येते. अजिबात दबत नसेल तर पाकीट फोडू नका, तसंच ठेवा. फोडलेलं पाकीट परत घेत नाहीत. माझी निम्मी पाकिटं दबत नव्हती.

मग रिटर्नचा फॉर्म. कारण निवडायला चारच पर्याय: वस्तू तुटली, चुकीची वस्तू आली, साइज बसला नाही, विचार बदलला. यातलं काय निवडायचं? ‘तुटली’ निवडलं तर फोटो मागितला. फोटोत पाकीट धड दिसतं, कारण क्ले आतून वाळली आहे, बाहेरून प्लास्टिकला काही झालेलं नाही. ‘नुकसान दिसत नाही’ म्हणून अर्ज बंद. चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, “मॅडम, एअर ड्राय क्ले वाळतेच.” हे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती माझ्या हातात वाळायला हवी, माझ्या करंजीच्या आकारात. बंद पाकिटात वाळलेली क्ले म्हणजे खराब माल, एवढं कळायला क्लेचं काम यावं लागत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा तोच फोटो, पुन्हा बंद. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कथा.

यातून वाट निघाली ती अशी. पाकिटबंद मालावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणं कायद्याने बंधनकारक आहे. मी पाकीट उलटून बघितलं, तर क्ले दोन वर्षांपूर्वीची. म्हणजे ऊन बाजूला ठेवलं तरी मालच जुना. तो फोटो, व्हिडिओ आणि चॅटचे स्क्रीनशॉट एकत्र करून मी थेट तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला असा अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. शोधायला वेळ लागतो, पार तळाशी बारीक अक्षरांत असतं, पण असतं. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा, असं नियमात लिहिलेलं आहे. मेलमध्ये या मुदती मी स्पष्ट लिहिल्या. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, फोन करून तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येतं. चॅटवाल्यांपाशी वेळ घालवण्यापेक्षा पहिल्या नकारानंतर लगेच ही दोन कामं करा. न दबणाऱ्या पाकिटांचे पैसे परत आले. रक्कम मोठी नव्हती, पण तो मेसेज मी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवला.

उरलेली अर्धमेली पाकिटं मी वाचवली. गोळ्याला पेन्सिलने खोल भोकं पाडायची, त्यात थोडं थोडं पाणी सोडायचं, ओल्या सुती फडक्यात गुंडाळून झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करायचं. एक-दोन दिवसांनी कणकेसारखी दाबून मळायची. एकदम पाणी ओतू नका, वरचा थर चिकट होतो आणि आत गाठी राहतात. मळूनही न मोडलेल्या गाठी वेगळ्या काढून पाण्यात भिजत घाला, त्याची खळ होते. दोन भाग जोडताना दोन्हीकडे टोकदार काडीने चरे मारून मधे हीच खळ लावायची. हलकी फोम क्ले मात्र पूर्ण वाळली की परत मऊ होत नाही, तिच्यामागे लागू नका. मोल्डइटसारखी दोन भागांची एपॉक्सी क्ले हा वेगळाच प्रकार. ती दोन भाग मिसळल्यावर रासायनिक क्रियेने कडक होते, म्हणून लागेल तेवढीच मिसळा.

साठवण्याचं माझं आता ठरलेलं आहे. फोडलेल्या पाकिटातली क्ले प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये घट्ट गुंडाळायची, मग झिपची पिशवी, मग घट्ट झाकणाचा डबा, आणि डब्यात ओलसर स्पंजचा तुकडा. डबा माठाच्या शेजारी जमिनीवर. माठाभोवती गारवा असतो. माझ्या माहेरी माळवदाचं, म्हणजे मातीच्या जाड सपाट छताचं घर आहे, तिथल्या आतल्या खोलीत डबा भर उन्हाळ्यातही चांगला राहतो. पत्र्याच्या खोलीत, फळीवर किंवा फ्रिजच्या मागे ठेवू नका. पावसाळा लागला की स्पंज काढून टाका, नाहीतर पेपर क्लेवर बुरशी येते. मळताना शिंपडायच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं तर बुरशीला आळा बसतो. काम करतानाही लागेल तेवढाच गोळा बाहेर, बाकीचा ओल्या फडक्याखाली. शाडूचे गणपती करणारे माती ओल्या गोणपाटाखाली ठेवतात ते उगाच नाही.

वाळवण्याचं राहिलंच. उन्हात ठेवू नका, पंख्याखाली नको. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात त्याच कारणाने क्लेलाही पडतात: पाणी गेलं की माती आकसते, आणि वरचा थर आतल्यापेक्षा आधी आकसला की तडकतो. म्हणून वस्तूच्या भिंतीची जाडी एक सेंटीमीटरच्या आत ठेवायची. टोपली, उखळ असं मोठं काही असेल तर आत थर्माकोल किंवा चुरगळलेला फॉइल पेपर घालून वर पातळ थर चढवायचा. जाळीवर ठेवून वर वर्तमानपत्र सैल झाकायचं, मधून मधून उलटायचं. छोट्या वस्तूला साधारण दिवसभर, जाडीला दोन-तीन दिवस. हाताला गार लागत असेल तर आत अजून पाणी आहे, रंग लावायची घाई नको. कूलरच्या झोताचा भरवसा धरू नका, ती ओली हवा एकाच बाजूला लागते. श्रावणात मात्र उलटं, तेव्हा पंखा हवाच. बारीक तडे खळीने भरून, वाळल्यावर पॉलिश पेपर मारला की दिसतही नाहीत.

रंग ॲक्रेलिक, वर वॉर्निशचे दोन हात, तळालाही. तरीही पाण्यापासून लांब. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या संग्रहालयात सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती आहेत, पण ती भाजलेली माती आहे. आपली क्ले भाजलेली नसते, पाण्यात राहिली की मऊ पडते. म्हणून क्लेच्या वाटीत खरा प्रसाद किंवा तेल घालू नका, आणि मांडणीपुढे कलश ठेवणार असाल तर खाली ताटली घ्या.

यंदाची क्ले मी महाशिवरात्रीच्या आधीच मागवून ठेवली. पाकिटं दारातच दाबून बघितली, तारीख वाचली, मग सही केली.