पाटी शेवटी वाचा

इथे मेलबर्नमध्ये इराणी छायाचित्रं भिंतीवर लागली की शेजारच्या पाटीवर 'बुरखा' आणि 'दडपशाही' हे शब्द बहुधा ठरलेलेच. पाटी आधी वाचली की फोटो दिसतच नाही, हीच अडचण.

इराणी छायाचित्रकार शादी घदिरियानची 2000-01 सालची 'लाइक एव्हरीडे' मालिका घ्या. फुलाफुलांच्या कापडात गुंडाळलेली आकृती, चेहऱ्याच्या जागी इस्त्री, झाडू, किसणी. इथला प्रेक्षक कापडापाशी अडकतो. पण तो रस्त्यावरचा काळा चादोर नव्हे. (चादोर म्हणजे डोक्यावरून अंगभर घ्यायचं वस्त्र; आपली 'चादर' फारसीतूनच आली.) फिकट, छापील चादोर घरातला: नमाजाला किंवा दारात कोणी आलं की पटकन अंगावर ओढायचा. म्हणजे हे चित्र उंबरठ्याच्या आतलं, विषय संसार. आहेरात भांडीच भांडी आलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही बाईला हे पाटीशिवाय कळेल आणि ती आधी हसेल. इथे हसणारं कोणी दिसत नाही.

तिचीच 'काजार' मालिका (1998 पासून; काजार हे इराणचं जुनं राजघराणं) म्हणजे कारागिरीचा धडा. रंगवलेला पडदा, एकोणिसाव्या शतकातला पोशाख, तपकिरी छटा आणि हातात पेप्सीचा डबा किंवा शेजारी व्हॅक्यूम क्लीनर. नवी वस्तू एखाददुसरीच हवी. गर्दी झाली की नुसता विनोद उरतो. त्या वस्तूवर उजेड चमकला तर ती वरून चिकटवल्यासारखी वाटते, म्हणून प्रकाश मऊ लागतो. खांब नि कुंडी रंगवलेल्या पडद्यापुढचे आजोबांचे फोटो पाहिलेल्यांना यातली गंमत समजावून सांगावी लागत नाही.

नियमाची धार पाहायची तर इराणी छायाचित्रकार नेवशा तवाकोलियानची 'लिसन' मालिका (2010). इराणमध्ये बायकांना पुरुष श्रोत्यांसमोर एकटीनं गायला बंदी. तिच्या चित्रांत गायिका डोळे मिटून गातायत. व्हिडिओ आहे, पण मुका. सोबत कधीच न निघालेल्या अल्बमची मुखपृष्ठं. इथे हेडफोन शोधू नका, आवाज नसणं हेच काम आहे.

तेहरानमध्ये जन्मलेली, मेलबर्नला राहणारी छायाचित्रकार होदा अफशार 2023 मध्ये 'इन टर्न' मालिकेत केस उघडे दाखवू शकली: एकमेकींच्या वेण्या घालणाऱ्या बायका, पांढरी कबुतरं. वेणी कुर्दी लढवय्या स्त्रियांच्या फोटोंवरून आली. इराणमध्ये असताना हे जमलं नसतं, हे खरं. पण म्हणून तेहरानमधलं काम भित्रं ठरवायची इथली घाई खटकते.

अर्थात आपल्यालाही इराणी म्हटलं की बनमस्काच आठवतो.