एकाच सर्व्हरवर तीन साइट, तीन वेगळे यूजर: माझा अनुभव

देवगडच्या एका आंबा बागायतदाराची साइट, मालवणातला होमस्टे आणि गुहागरची खानावळ. तिन्ही वर्डप्रेस, एकाच भाड्याच्या डेबियन १२ (लिनक्स) सर्व्हरवर, रॅम १ जीबी. पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) अपाचेच्या, म्हणजे पानं पाठवणाऱ्या वेब सर्व्हरच्या, आतच चालायचं, त्यामुळे तिन्हींच्या स्क्रिप्ट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या एकाच यूजरच्या नावाने चालत. खानावळीच्या जुन्या प्लगइनमधून कोणी आत शिरला, तर बागायतदाराच्या कॉन्फिग फाइलमधला डेटाबेसचा पासवर्डही त्याला वाचता आला असता. हापूसच्या ऑर्डरींत लोकांचे पत्ते आणि फोन नंबर असतात. ते असं उघडं ठेवणं मला पटेना.

काम जूनमध्ये काढलं, आंब्याच्या ऑर्डरी थांबल्यावर. पावसात इथे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून सगळं टीमक्सच्या आत केलं; इथलं कनेक्शन तुटलं तरी सर्व्हरवरचं काम त्यात चालू राहतं. मालकी बदलणारी कमांड मध्येच तुटली तर निम्म्या फाइली जुन्या यूजरच्या राहतात.

प्रत्येक साइटला स्वतंत्र यूजर आणि पीएचपी-एफपीएमचा (पीएचपी अपाचेबाहेर वेगळं चालवणारी सेवा) स्वतंत्र पूल, म्हणजे प्रोसेसचा गट, दिला. पूलचा यूजर आणि ग्रुप दोन्ही साइटचेच. अपाचे पूलशी ज्यातून बोलतं त्या सॉकेटचा मालक मात्र डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, परवानगी ०६६० (मालक आणि ग्रुपला वाचता-लिहिता येतं, इतरांना काहीच नाही). हे चुकलं की अपाचे सॉकेटला जोडू शकत नाही आणि ५०३ (सेवा उपलब्ध नाही) दाखवतं. रॅम कमी, म्हणून पूल 'ऑनडिमांड' (मागणी आली तरच प्रोसेस सुरू) आणि प्रत्येकी जास्तीत जास्त ४ प्रोसेस. एक प्रोसेस ६० एमबी धरली तरी बारांचे ७२० एमबी होतात. मग अपाचेमधलं पीएचपी मॉड्यूल बंद, पूलकडे काम पाठवणारं प्रॉक्सी-एफसीजीआय मॉड्यूल चालू.

खरी मेख फाइलींच्या परवानग्यांत होती. फोल्डर ७५०, फाइली ६४० (मालकाला वाचता-लिहिता येतं, ग्रुपला फक्त वाचता, इतरांना काहीच नाही), मालक साइटचा यूजर, ग्रुप डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. होमस्टेचे जुने फोटो दिसत होते, नव्याने चढवलेल्या फोटोंना ४०३ (परवानगी नाही). नवी फाइल साइटच्या यूजरच्या स्वतःच्या ग्रुपमध्ये तयार होत होती, मग अपाचे ती वाचणार कशी? फोल्डरांना २७५० दिलं की सेटजिड बिटमुळे नव्या फाइलीला फोल्डरचाच ग्रुप मिळतो. साइटच्या यूजरला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा ग्रुपात टाकूनही फोटो दिसले असते, पण तसं अजिबात करू नका. तिन्ही यूजर पुन्हा एकमेकांच्या फाइली वाचू लागतात. कॉन्फिग फाइल ६०० ठेवली. ती अपाचेला लागतच नाही, फक्त पूलला लागते.

अनेकांच्या नजरेतून सुटतं ते ऑपकॅश, म्हणजे पीएचपी फाइलींच्या तयार प्रती मेमरीत ठेवणारी सोय. एकाच एफपीएमखालच्या सगळ्या पूलांची ऑपकॅश मेमरी सामायिक असते. डिस्कवरची परवानगी नाकारली, तरी कॅशमधली प्रत दुसऱ्या पूलच्या हाती लागू शकते. पीएचपीच्या मुख्य आयएनआय फाइलीत 'ऑपकॅश डॉट व्हॅलिडेट-परमिशन' १ करून एफपीएम रीस्टार्ट केलं.

शेवटी खानावळीच्या साइटवर छोटी स्क्रिप्ट ठेवून बागायतदाराची कॉन्फिग फाइल एकदा उघडून आणि एकदा इन्क्लूड करून पाहिली. दोन्ही वेळा 'परमिशन डिनाइड' आलं. मग ती स्क्रिप्ट लगेच पुसली.