जोनचा चेहरा

कार्ल ड्रायर यांचा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' हा 1928 सालचा मूकपट मी गेल्या आठवड्यात पुन्हा पाहिला. तेराव्या वर्षापासून संत मायकेल, कॅथरिन आणि मार्गारेट यांचे आवाज ऐकू येणाऱ्या, त्या आवाजांच्या भरवशावर फ्रान्समधल्या ऑर्लेआं शहराला इंग्रजांनी घातलेला वेढा उठवणाऱ्या या शेतकऱ्याच्या मुलीवर चित्रपट काढायचा, तर कोणीही घोडदळ आणि तेजोवलये दाखवील. ड्रायर यांनी मात्र लढाया वगळल्या आणि 1431 मध्ये रुआँ शहरात तिच्यावर चाललेला पाखंडाचा खटला तेवढा ठेवला.

दृष्टान्त पडद्यावर दिसतच नाहीत, दिसतो तो जोन साकारणाऱ्या रेने फाल्कोनेटी यांचा रंगभूषा नसलेला चेहरा, आणि त्यावर क्षणभर येऊन बसणारी एक माशी. (मला ती माशी कोणत्याही तेजोवलयापेक्षा अधिक पटते.) कोठडीत खिडकीच्या गजांची सावली जमिनीवर क्रूस होऊन पडते, ते पाहून जोन सुखावते, तेवढ्यात आत येणाऱ्या धर्मगुरूच्या पायांखाली तो क्रूस नाहीसा होतो.

देवाची कृपा तुझ्यावर आहे का, या न्यायाधीशांच्या प्रश्नाला 'हो' म्हटले तर पाखंड आणि 'नाही' म्हटले तर गुन्ह्याची कबुली. नसेल तर देव ती देवो, असेल तर टिकवो, हे तिचे उत्तर खटल्याच्या मूळ नोंदींतच आहे.

चित्रपटाची मूळ निगेटिव्ह आगीत नष्ट झाली. जुनी प्रत 1981 मध्ये नॉर्वेतील एका मनोरुग्णालयाच्या कपाटात सापडली.