हॅरिएटचे घर, रंग शून्यावर ठेवून

रविवार, रात्री

डोरोथी आर्झनर यांनी दिग्दर्शित केलेला १९३६ सालचा ‘क्रेग्ज वाइफ’ आज संगणकाने रंगवलेल्या प्रतीत पाहिला, आणि अर्धा चित्रपट होतो न होतो तोच टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन रंग शून्यावर आणला. धाकट्या जाऊबाईंना ते मुळीच आवडले नाही. त्यांचे माहेर गोकाककडचे, शिक्षण कन्नड माध्यमातले. कन्नड नट राजकुमारांचा ‘सत्य हरिश्चंद्र’ २००८ साली रंगीत होऊन आला, तेव्हा त्यांच्या माहेरची सगळी मंडळी हौसेने तो पाहायला गेली होती. जुना चित्रपट रंगीत मिळत असताना तो काळापांढरा करून पाहणे हा त्यांच्या मते निव्वळ माझ्यातल्या मास्तरणीचा हट्ट आहे. तसे असेलही, पण या एका चित्रपटापुरते तरी मला माझे म्हणणे लिहून ठेवायचे आहे.

गोष्ट साधी आहे. हॅरिएट क्रेग ही श्रीमंत, देखण्या आणि भाबड्या वॉल्टरची बायको. तिचे सारे लक्ष घरावर. तिथली फुलदाणी बोटभर सरकलेली तिला चालत नाही, शेजारीण गुलाब घेऊन आली तर पाकळ्या गालिच्यावर पडतील ही तिला धास्ती, आणि नवऱ्याचे मित्र तिने एकेक करून कधी तोडले हे त्या बिचाऱ्याच्या लक्षातही आलेले नाही. वॉल्टर ज्या मित्राकडे पत्ते खेळायला जातो, तो मित्र त्याच रात्री बायकोला मारून स्वतःचाही जीव घेतो. पोलीस चौकशी करीत दाराशी येतात, तेव्हा हॅरिएटला नवऱ्याची नव्हे, घराच्या नावाची काळजी पडते. तिथून एकेक जण घर सोडू लागतो : वॉल्टरची मावशी जाते, घर सांभाळणारी बाई जाते, आणि शेवटी खुद्द वॉल्टरही जातो. रोझलिंड रसेल यांनी ही हॅरिएट उभी केली आहे. त्या तेव्हा फार नावाजलेल्या नव्हत्या, आणि नेमके म्हणूनच दिग्दर्शिकेला त्या हव्या होत्या. लोकांच्या लाडक्या नटीला इतकी कठोर झालेली पाहणे प्रेक्षकांनी सोसले नसते.

आता रंगाविषयी. जुना चित्रपट रंगवताना मूळ चित्रातला उजेड आणि अंधार जसाच्या तसा ठेवतात आणि त्यावर रंगाचा वेगळा थर चढवतात. म्हणूनच टीव्हीतून रंग काढला की खालचे मूळ चित्र बरेचसे परत मिळते. १९८०च्या दशकात अमेरिकेत यावरून वाद पेटला, तेव्हा रंगवणाऱ्यांच्या बाजूचे लोक हेच उत्तर देत : आवडत नसेल तर रंगाचे बटण फिरवा. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांना ते मान्य नव्हते. त्यांच्या ‘द अस्फाल्ट जंगल’च्या रंगवलेल्या प्रतीवरून फ्रान्समध्ये चाललेल्या खटल्याचा निकाल त्यांच्या मृत्यूनंतर, १९९१ मध्ये, त्यांच्या वारसांच्या बाजूने लागला. मी स्वतः इतकी कर्मठ नाही. ‘मुघल-ए-आझम’ २००४ साली पूर्ण रंगीत झाला तेव्हा मला आनंदच वाटला होता, कारण के. आसिफ यांनी त्यातली काही रिळे १९६० सालीच रंगीत केलेली होती आणि सगळाच चित्रपट तसा व्हावा ही त्यांची इच्छा होती. तिथे रंग कथेच्या वैभवात भर घालतो.

हॅरिएटच्या घराचे मात्र उलटे आहे. त्या घराची सजावट विल्यम हेन्स यांची. मूकपटांच्या काळात ते गाजलेले नट होते आणि अभिनय सुटल्यावर गृहसजावटीत त्यांनी नाव काढले. उंच खांब, पांढरेशुभ्र कोपरे, मूर्ती आणि मोकळ्या थंड जागा असे ते घर आहे, आणि काळ्यापांढऱ्या छायाचित्रणात तिथे शिरणारा प्रत्येक माणूस आगंतुक वाटतो. रंगवलेल्या प्रतीत यंत्राने भिंतींना बदामी छटा दिली, पडदे उबदार केले आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एकसारखी गुलाबीसर कांती फासली. ज्या घरात कुणाला बसवत नाही असे दिसायला हवे, तिथे आम्हा दोघींना जाऊन बसावेसे वाटू लागले! शिवाय यंत्राला वस्तू ओळखता येते, तिचे महत्त्व ओळखता येत नाही. शेजारणीचे गुलाब एका दृश्यात तांबूस, तर पुढच्याच दृश्यात जवळजवळ पांढरे. आणि जी फुलदाणी वॉल्टर शेवटी फोडतो, तीही मध्येच निळसर होई आणि मध्येच पिवळट. त्यामुळे डोळा वस्तूंच्या मागे धावतो आणि रसेल यांच्या चेहऱ्यावर ठरत नाही. सव्वा तासाच्या आसपासच्या या चित्रपटात लाखाहून अधिक चौकटी आहेत. त्या सगळ्या रंगवणाऱ्या यंत्राची चिकाटी मला कळते, तरीही त्यातली जी चौकट मला हवी होती ती रंग काढल्यावरच दिसली.

ती चौकट आगगाडीतली आहे. आजारी बहिणीला भेटून परत येताना हॅरिएट आपल्या तरुण भाचीला लग्न म्हणजे काय ते समजावून सांगते. तिच्याजवळ पैसा नव्हता, पोटापाण्याला उपयोगी पडेल असे शिक्षणही नव्हते. तेव्हा स्वतंत्र होण्यासाठी तिने लग्न केले. नवऱ्यापासूनही स्वतंत्र का, असे भाची भाबडेपणाने विचारते, आणि हॅरिएटचे उत्तर असे की सगळ्यांपासूनच. हे ती रागाने किंवा कपटाने बोलत नाही. बँकेतल्या ठेवीविषयी बोलावे तसे शांतपणे बोलते. रंग होता तेव्हा जाऊबाईंचे लक्ष तिच्या टोपीकडे होते. रंग गेल्यावर त्या एकदम म्हणाल्या, “आक्का, ही भ्यालेली बाई हाय बघा.”

मला हे सुचले नव्हते, आणि त्यानंतर निपाणीच्या आत्यांची आठवण टाळता येईना. त्यांच्या सासरी तंबाखूची वखार होती. घराला लांबलचक सोपा, मागे परसू, आणि सगळ्या कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा आत्यांच्या कमरेला. आम्ही मुले सुट्टीत गेलो की पाय धुतल्याशिवाय सोप्याच्या आत पाऊल टाकता येत नसे, आणि काचेच्या कपाटातल्या कपबश्यांना हात लावण्याची तर आत्यांच्या यजमानांनाही मुभा नव्हती. सगळे गाव त्यांना कजाग म्हणे. पण आत्यांचे वडील त्यांच्या लहानपणीच वारले होते आणि दिरांनी आमच्या आजीला माजघरामागची एक अंधारी खोली देऊन बाकीचे घर आपसांत वाटून घेतले होते, हे ठाऊक असणारे त्या गावात कुणी नव्हते. ही गोष्ट १९३७ च्या आधीची. त्या वर्षी झालेल्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा मिळाला खरा, पण तोही तिच्या हयातीपुरता. पूर्ण मालकी आली ती १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने. त्याच वर्षी नोव्हेंबरात आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि घराघरांत बोलणे झाले ते त्याचेच. वारसा कायद्याविषयी आमच्या थोरल्या मंडळींनी कधी अवाक्षर काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आत्यांनी मात्र पहिल्या बाळंतपणानंतर दागिन्याऐवजी घराचा उतारा आपल्या नावावर करून मागितला आणि मिळेपर्यंत तो विषय सोडला नाही. पुढे कर्नाटकाने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला. तरीही आमच्याकडे आजसुद्धा बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात, चोळीबांगडी घेतात आणि सासरी परततात.

हॅरिएटकडे मी आज या नजरेने पाहिले. हा चित्रपट ज्या नाटकावरून घेतला ते जॉर्ज केली यांचे. १९२५ साली ते रंगभूमीवर आले आणि दुसऱ्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. हे केली म्हणजे पुढे गाजलेल्या नटी ग्रेस केली यांचे काका. आर्झनर यांनी उतारवयात एका मुलाखतीत सांगितले आहे की, आईच्या पदराआड वाढलेल्या वॉल्टरला हॅरिएटमुळेच पुरुषासारखे उभे राहता आले, तेव्हा त्याने तिचे उपकार मानायला हवेत, असे मत त्यांनी केली यांच्यापुढे मांडले होते. त्यावर केली संतापले आणि हे माझे नाटकच नव्हे, असे त्यांनी बजावले. म्हणजे एकाच गोष्टीत लेखकाला दुष्ट बायको दिसत होती आणि दिग्दर्शिकेला निराधार होण्याची भीती बाळगणारी बाई. त्या काळात हॉलिवूडच्या मोठ्या कंपन्यांसाठी दिग्दर्शन करणारी बाई जवळजवळ त्या एकट्याच होत्या, आणि त्यांच्यासाठी पटकथा लिहिणाऱ्याही एक बाईच होत्या, मेरी मॅकॉल. संवाद बरेचसे केलींचे राहिले असले तरी कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे, हे शेवटच्या प्रसंगात कळते. बहिणीच्या निधनाची तार हातात घेऊन उभ्या असलेल्या हॅरिएटची तिथे फजिती केलेली नाही.

तरीही मी तिला माफ करायला तयार नाही. भीती समजली म्हणून भाचीच्या नियोजित वराचा फोन आला असता तिला तो कळू न देणे समर्थनीय ठरत नाही, आणि मित्राच्या मृत्यूची बातमी ऐकून कोसळलेल्या नवऱ्याला, तू तिथे गेला होतास हे कुणाला सांगू नकोस, असे सांगणे तर त्याहून नाही. आत्यांनी कपबश्या जपल्या, पण वखारीतल्या हमालाची बायको आजारी पडली तेव्हा तिला घरी आणून ठेवली होती आणि तेही त्याच सोप्यात. जाऊबाईंना हा फरक मान्य नाही. हमालाची बायको घर मागायला येणार नव्हती, म्हणून आत्यांना ते परवडले, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यात तथ्य आहे, म्हणूनच मला ते जरा झोंबले.

याच नाटकावरून १९५० साली पुन्हा चित्रपट निघाला, ‘हॅरिएट क्रेग’. त्यात जोन क्रॉफर्ड आहेत. तिथली हॅरिएट नवऱ्याची जपानला होणारी नेमणूक त्याच्या साहेबापाशी खोटे बोलून मोडते आणि मूल होणे शक्य नसल्याचेही त्याला खोटेच सांगते. म्हणजे प्रेक्षकाला तिची कीव येण्याची वाट लेखकांनी आधीच बंद करून ठेवली आहे. तोही पुढच्या रविवारी पाहायचे ठरले आहे. क्रॉफर्डबाईंचे पोशाख रंगात पाहायचे असल्याचे जाऊबाईंनी आजच जाहीर केले आहे, तेव्हा रिमोट त्यांच्याकडेच राहील असे दिसते.